काचेमागची विहीर

माशांचा टँक आम्ही मुलीच्या चौथ्या वाढदिवसाला आणला. तेव्हा माझे मिस्टर जालन्याच्या एमआयडीसीत एका लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होते, आणि मी स्टेशनजवळच्या एका लॅबमध्ये पेशंटचं रक्त काढायचं काम करत होते. टँक अडीच फुटांचा. खाली रंगीत खडे, आत चार गोल्डफिश, आणि मागच्या काचेला दुकानदारानं चिकटवून दिलेलं निळ्या समुद्राचं पोस्टर. पहिल्याच उन्हाळ्यात त्या पोस्टरमध्ये ओल शिरली, ते फुगलं, आणि आम्ही ओढून काढलं. मागं गडद हिरवी भिंत होती. संध्याकाळी ट्यूबलाइट लागली की ती काच आरशासारखी व्हायची. माशांच्या मागं आमची सगळी खोली दिसायची, खाट, कपाट, दार, माणसं. तेव्हा त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

पुढच्या वर्षी भट्टीत ओलं भंगार गेलं आणि वितळलेल्या लोखंडाचा रस उडाला. ज्यांनी पाहिलं ते सांगतात की आवाज आधी झाला. दोघं जण जागीच गेले. माझे मिस्टर वाचले. सगळे मला तेव्हा हाच शब्द सांगत होते, वाचले.

संभाजीनगरच्या दवाखान्यातून घरी यायला खूप महिने लागले. डावा गाल, कान, गळा, छाती आणि डावा हात भाजलेला होता. त्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटली होती. गळ्याची कातडी भरून येताना आकसली आणि तिनं हनुवटी खाली ओढून धरली. त्यामुळं ते सतत जमिनीवर काहीतरी शोधत असल्यासारखे दिसत. चेहऱ्यावर दिवसभर घट्ट कापडी मास्क घालायचा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. डोळ्यांना आणि तोंडाला तेवढी भोकं.

एवढे दिवस मुलगी जाफराबादला माझ्या आईकडं होती. तिला परत आणलं त्या दिवशी ती दारातच थांबली. मी म्हटलं, "पप्पा आहेत गं." ती माझ्या मागं गेली आणि माझी साडी धरून तशीच आत आली. आम्ही दोघं रात्री एकमेकांना सांगायचो, सवय होईल, लहान आहे, लगेच सवय होईल. ती त्यांच्याशी बोलायची नाही. ते खोलीत आले की ती टँकसमोर जाऊन बसायची, त्यांच्याकडं पाठ करून.

एका संध्याकाळी ते अंघोळ करून बाहेर आले. मास्क धुवून वाळत घातला होता. टॉवेल घ्यायला ते तिच्या मागून गेले असतील, तेवढंच. मी स्वयंपाकघरातून तिची किंकाळी ऐकली. पळत आले तर ती भिंतीला चिकटून उभी, चड्डी ओली झालेली.

"मम्मी, काचेत ते हायेत," ती म्हणाली. "काचेत ते हायेत."

आपल्या बापाला ती 'ते' म्हणाली. मिस्टर टॉवेल हातात घेऊन तिथंच उभे होते. त्यांनी टँककडं पाहिलं. मग ओलाच मास्क तारेवरून काढला, चढवला आणि गॅलरीत जाऊन बसले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

दोन-तीन दिवसांनी त्यांनी मला मोबाइल दाखवला. घरी आल्यापासून ते स्वतःहून काही दाखवत नसत. एका व्हिडिओत कुणी परदेशी माणूस थर्माकोलचे तुकडे कापून, त्यावर सिमेंट लावून टँकच्या मागं लावायला खडक बनवत होता.

"हे बघ. घरच्या घरी खडक बनवून राह्यला हा. मागच्या काचेला आतून हे लावलं की काच दिसत न्हाई." थोडं थांबून म्हणाले, "तिला मासे तरी बघता येतील."

मी म्हटलं, "एका हातानं कसं होईल?"

"दीड हात हाय," ते म्हणाले.

टीव्ही-फ्रिजच्या दुकानातून मी थर्माकोलचे जाड ठोकळे आणले. दुकानदार ते फेकूनच देत होता. त्या माणसाच्या व्हिडिओत समुद्रातल्यासारखे उंच-सखल कडे होते, पण यांना ते नको होते. म्हणाले, "मी आपल्या विहिरीची भिंत करतो. मला तीच येती."

त्यांचं गाव वडीगोद्रीजवळ. तिथं त्यांच्या वडलांनी आणि चुलत्यांनी शेतात विहीर खणली तेव्हा हे दहा-अकरा वर्षांचे होते आणि वर आलेला गाळ-दगड टोपल्यानं बाजूला टाकायला होते. त्यांना त्या विहिरीचा थर न् थर पाठ होता. वरची काळी माती, तिच्याखाली लालसर मुरूम, मग बोटानं टोकरला तरी भुगा होणारा मांजऱ्या, आणि शेवटी सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा खडक. खडकात मध्येच पांढऱ्या गारगोटीच्या शिरा. पारव्यांची भोकं कुठं आहेत, उडी मारताना कोणत्या कपारीवर पाय द्यायचा, पाणी आटल्यावर कोणता दगड उघडा पडतो, हे सगळं ते थर्माकोलवर पेनानं खुणा करत मला सांगत होते. इतकं सलग ते अपघातानंतर पहिल्यांदाच बोलले.

चिकटलेल्या बोटांनी ठोकळा दाबून धरायचा आणि उजव्या हातानं पाव कापायच्या सुरीनं कापायचा. मग लोखंडी ब्रशनं खरवडायचं. थर्माकोलचे दाणे घरभर उडायचे, भातात यायचे, मुलीच्या केसांत अडकायचे. त्यांच्या मास्कच्या कापडाला तर ते असे चिकटायचे की संध्याकाळी सगळा चेहरा पांढरा दिसायचा. स्वतःला ते नीट काढता येत नव्हते, मान वर होत नव्हती. एकदा ते न बोलता माझ्यासमोर येऊन बसले. मी एक एक दाणा नखानं काढला. घरी आल्यापासून मलम लावण्यापलीकडं त्यांनी चेहऱ्याला हात लावू दिला नव्हता. त्या दिवशी डोळे मिटून बसले होते आणि मी मुद्दाम वेळ लावला.

कपारी खोल करायला थर्माकोल जाळावा लागतो. मेणबत्ती जवळ नेली की तो आपोआप आत वितळत जातो. ते त्यांना जमणार नव्हतं. गॅसच्या लायटरचा आवाज झाला तरी ते खोलीबाहेर जायचे. मग त्यांनी पेनानं गोल करून दिले आणि ते काम मी गच्चीवर केलं. खाली आले तर ते बाथरूमचं दार लावून आत बसलेले. वास तिथंही गेलाच होता. मी कितीतरी वेळ दाराबाहेर उभी राहून म्हणत होते, "झालं, विझवली, झालं."

सिमेंटचा पहिला हात ताकासारखा पातळ, दुसरा जरा घट्ट, तिसऱ्यात फरशीत घालतात तो काळा आणि लाल रंग. ब्रश सोडून ते बोटांनीच रंग लावत होते. पूर्ण झालं तेव्हा मी खरंच चकित झाले. अडीच फुटांत ती विहीर होती. मुरमाचा लाल पट्टा, खालचा काळा कडा, पांढऱ्या शिरा. मुलगी लांबून बघत होती. तिनं विचारलं, "ह्याच्यात पारवे कुठून जातात?" विचारलं मला. पण त्यांनी ऐकलं होतं.

सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, म्हणून तो खडक आधी बरेच दिवस पाण्यात भिजवून ते पाणी वारंवार फेकायचं असतं. व्हिडिओतल्या माणसाच्या अंगणात नळी सोडलेली होती. आमच्याकडं नळाला पाणी कधी आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा. ड्रममधल्या पाण्यावर आमचं सगळं घर चालायचं. मी खडक भिजवलेलं पाणी फरशी पुसायला, संडासात वापरत होते, तरी शेजारच्या काकू एकदा दारात येऊन बोलल्याच.

"टँकर मागवून मागवून आम्ही मरून राह्यलो, अन् तुम्ही दगडाला अंघोळ घालून राह्यल्या."

त्यात काही खोटं नव्हतं. दोनदा पाणी बदललं आणि मग त्यांनी सिलिकॉननं खडक टँकमध्ये चिकटवला. टबमध्ये ठेवलेले चारही गोल्डफिश आत सोडले. वर लहानशी लाइट लावली. मागची काच झाकली गेली होती. खोली दिसत नव्हती. मुलगी पुढं येऊन बसली आणि झोपेपर्यंत उठली नाही.

सकाळी दोन मासे वर तरंगत होते. उरलेले दोन पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळत होते. मी पाणी बदलेपर्यंत तेही गेले. मुलगी शाळेचा डबा हातात घेऊन बघत होती.

"पप्पांनी पाण्यात कायतरी टाकलं," ती म्हणाली. अपघातानंतर 'पप्पा' हा शब्द तिच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

लॅबमधून मी लघवी तपासायची पट्टी आणली आणि टँकच्या पाण्यात बुडवली. आम्ल की खार ते दाखवणारा चौकोन लगेच गडद हिरवा-निळा झाला, पट्टीच्या डबीवरचा अगदी शेवटचा रंग. मी त्यांना दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन बराच वेळ बघितली.

"चुना," ते म्हणाले. "मला ठाऊक व्हतं. पाणीच न्हाई तर मी काय करू."

मला वाटलं आता ते तो खडक फोडून टाकतील. त्यांनी ब्लेड घेतलं आणि दिवसभर बसून सिलिकॉन कापत खडक अख्खा बाहेर काढला. मग भावाला फोन लावला. "विहिरीला पाणी किती हाय?"

माझा दीर पिकअप घेऊन आला. दारातूनच म्हणाला, "जयभीम वहिनी. कुठं हाय दादाचा डोंगर?" तो मुद्दाम हसून बोलत होता. मिस्टरांनी मास्कवर रुमाल गुंडाळला आणि ते पुढं बसले. घरी आल्यापासून दवाखाना सोडून ते कुठंच गेले नव्हते. मी आणि मुलगी मागं खडक धरून बसलो.

विहिरीवर गेल्यावर कळलं की खडक बुडत नाही. थर्माकोलच तो, वर सिमेंट असलं म्हणून काय. दिरानं त्याला दोरानं दगड बांधले, मग तो हळूहळू खाली गेला. मी वाकून पाहिलं. खालची भिंत हुबेहूब तशीच होती, लाल पट्टा, काळा कडा, पारव्यांची भोकंसुद्धा. त्यांना पाहता येत नव्हतं. कठड्यावर ओणवं झाल्याशिवाय खालचं दिसत नव्हतं, आणि तसं उभं राहायला तोल सांभाळावा लागतो. दीर म्हणाला, "दादा, मागं सर." ते मागं सरले.

तेवढ्यात शेजारच्या शेतातले एक म्हातारे बाबा बांधावरून आले. यांना त्यांनी लहानाचं मोठं होताना पाहिलेलं. रुमाल वाऱ्यानं सुटला होता. बाबांनी दिराला विचारलं, "हा पाव्हणा कोण रं?"

"बाबा, दादा हाय आपला."

बाबा बघत राहिले. "आरं पोरा," एवढं म्हणाले. मग मान वळवून दिराला विचारायला लागले की यंदा कापसाचं कसं काय. मिस्टरांनी रुमाल परत बांधला आणि आम्ही निघेपर्यंत ते गाडीत जाऊन बसले. त्यानंतर ते गावी गेले नाहीत. खडक पावसाळाभर विहिरीत राहिला आणि दिवाळीच्या सुमारास दीरच घेऊन आला. त्यावर शेवाळ धरलं होतं. टँकच्या पाण्यात पट्टी बुडवली तर या वेळी तो चौकोन निळा झाला नाही.

या वेळी दुकानदाराच्या सांगण्यावरून मोली आणल्या, काळ्या आणि पिवळ्या. जड पाण्यात त्या टिकतात म्हणाला. आणि त्या टिकल्या.

तो हिवाळा बरा गेला, असं मी म्हणेन. मुलगी शाळेतून आली की टँकसमोर बसायची. ते तिच्या मागं खाटेवर. काचेत आता कुणी दिसत नव्हतं. एका संध्याकाळी मी चपात्या लाटत होते आणि मला त्यांचा आवाज आला.

"त्या लाल पट्ट्याच्या खालच्या भोकात एकदा घोरपड निघाली व्हती."

मग मुलीचा आवाज. "खरी?"

"खरी. तुझे काका उडी मारायला गेले अन् तिथंच भिंतीला लटकले."

"मंग?"

"मंग काय, आजोबांनी दोर सोडला. काका रडून राह्यले, घोरपड बघून राह्यली."

ती हसली. मी लाटणं थांबवून ऐकत राहिले. तेव्हापासून रोज ते असं बोलायचे. ती त्यांच्याकडं पाठ करून, ते तिच्या पाठीकडं बघत. ती कधीच मागं वळली नाही. लाइट गेली की गोष्ट अर्धी सोडून माझ्याकडं यायची. मला आधी आनंद झाला आणि मग भीती वाटायला लागली, कारण ते आता गॅलरीतही बसत नव्हते. दिवसभर खाटेवर बसून संध्याकाळची वाट बघायचे. फिजिओथेरपीला चला म्हटलं तर म्हणायचे, "काय करायचं? हितं बराबर हाय माझं."

गळ्याच्या ऑपरेशनचं डॉक्टर पहिल्यापासून सांगत होते. मांडीची कातडी काढून गळ्याला लावायची, म्हणजे मान सुटेल. ते नको म्हणायचे, त्यांनी पुष्कळ सोसलं होतं. एके दिवशी माशांकडं बघता बघता मुलीनं विचारलं, "पप्पा, तुमची मान वर का व्हत न्हाई?"

"कातडी आखडली."

"मंग सैल करा ना."

त्या रात्री त्यांनी मला सांगितलं, "डॉक्टरला विचार, कधी यायचं."

उन्हाळ्यात आम्ही गेलो. मुलीला जाफराबादला सोडलं, घराची किल्ली शेजारच्या काकूंना दिली. माशांना चिमूटभर खाद्य टाका, एवढंच सांगितलं. पंधरा-वीस दिवसांत येऊ असं वाटलं होतं. पण लावलेली कातडी धरली नाही, पू झाला. परत काढली, परत लावली. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात चटईवर झोपत होते आणि लॅबमधून किती दिवस झाले म्हणून फोन येत होते. आईकडं शाळा सुरू झाली तेव्हा तिनं विचारलं, पोरीचं काय करू? मी म्हटलं, तिथंच घाल, आम्ही आलो की काढून घेऊ.

आम्ही घरी आलो तेव्हा कुलूप उघडताच वास आला. काकू म्हणाल्या, उन्हात दोन दिवस लाइट नव्हती, सगळे मासे गेले, मी काढून टाकले, दवाखान्यात कशाला सांगायचं म्हणून बोलले नाही. टँकमध्ये तळाला हिरवं पाणी होतं. खडकाचं सिमेंट वरच्या बाजूला तडकलं होतं आणि आतला थर्माकोल पांढरा दिसत होता. मिस्टरांच्या गळ्यात कॉलर होता. मान पूर्वीपेक्षा जरा वर झाली होती. टँककडं बघून ते म्हणाले, "पाणी काढून टाक."

मी मुलीला आणायला जाफराबादला गेले. ती आईच्या अंगणात नव्या मैत्रिणींबरोबर खेळत होती. मला पाहून पळत आली, मिठी मारली, आणि मी "चल घरी" म्हटल्याबरोबर हात सोडून आजीमागं गेली.

"मासे हायेत का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "नवीन आणू."

आईनं मला आत बोलावलं. म्हणाली, "राहू दे बाई तिला. हितं रातभर बराबर झोपती. तुझ्याकडून आल्ती तेव्हा झोपेत वरडायची." मी भांडले. रडले. संध्याकाळच्या एसटीनं एकटी परत आले. मिस्टर दारात उभे होते. त्यांनी माझ्या मागं रस्त्यावर पाहिलं आणि मग म्हणाले, "जेवून घे."

त्या महिन्यांत मान परत आखडत गेली. कॉलर सतत घालायचा होता, उकाड्यात तो त्यांना सोसेना. पावसाळा संपेपर्यंत हनुवटी जवळजवळ होती तिथंच आली. टँक मी दुकानदाराला परत दिला. खडक त्याला नको होता.

आता आम्ही तिघं तीन ठिकाणी आहोत. मी जालन्यात, लॅबमध्ये. मुलगी जाफराबादला, तिसरीत. दिरानं वडीगोद्रीला हायवेवर खताचं आणि बियाण्याचं दुकान टाकलं, त्याच्या मागच्या गोदामात मिस्टर पोती मोजतात आणि तिथंच झोपतात. गिऱ्हाईक मागं येत नाही. एका रविवारी मी जाफराबादची गाडी धरते, एका रविवारी वडीगोद्रीची. मुलगी सुट्टीत माझ्याकडं येते, पण वडीगोद्रीला जाऊ म्हटलं की तिचं पोट दुखतं.

फोनवर मात्र ती बोलते. व्हिडिओ नको, असं दोघांनीही न ठरवता ठरवलेलं आहे. मागच्या रविवारी मी गोदामात होते तेव्हा तिचा फोन आला. त्यांनी तो स्पीकरवर टाकून पोत्यावर ठेवला आणि तिला पाढे म्हणायला लावले. बाहेर दीर गिऱ्हाइकाशी बोलत होता, आत खताचा उग्र वास.

"नऊ सक चौपन्न, नऊ साते त्रेसष्ट, नऊ आठे..."

ती अडली. ते वाट बघत राहिले.

"सत्तर?"

"जल्दी करून राह्यली तू. परत म्हण, पहिल्यापासून."

ती पहिल्यापासून म्हणायला लागली. माझ्या गाडीची वेळ होत आली होती. मी पोत्यांवर बसून राहिले.